तक्ता क्रमांक चार

व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या प्राध्यापकांची एक पद्धत होती. ज्या माणसाची केस, म्हणजे खरी घडलेली गोष्ट, वर्गात चर्चेला घ्यायची, त्याला आधी गुपचूप शेवटच्या रांगेत बसवायचं, मुलांना त्याच्याबद्दल मनसोक्त बोलू द्यायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याला उभं करायचं. "मुलांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी होतात," ते तिला फोनवर म्हणाले होते.

आज शेवटच्या रांगेत ती बसली होती. काचेचे तापमापक बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण. एक खुर्ची सोडून पलीकडे तिचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी तिने त्याला कारखान्यातून काढलं, तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. तिने भावजयीकरवी निरोप पाठवला होता, माझं ऐकू नकोस, पण साठ परकी मुलं काय म्हणतात ते तरी ऐकून जा. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि "बस ना इथे" म्हटल्यावर एक खुर्ची सोडून बसला.

तिला फार काही नको होतं. साठ मुलांनी तिच्यासारखाच निर्णय घ्यावा, त्याने तो स्वतःच्या कानांनी ऐकावा, आणि निघताना एकदा ताई म्हणून हाक मारावी.

केस बारा पानांची होती, प्रत्येकाच्या हातात एक प्रत. नावं बदललेली, गाव बदललेलं, गोष्ट मात्र तीच. भाऊ काचेच्या नळ्यांवर खुणा करायचा. पाण्याच्या टाकीत तपासून आणलेल्या प्रमाण तापमापकाशेजारी नवी नळी बुडवायची, पारा थांबला की नेमकी तिथे रेघ ओढायची. तेवीस वर्षं त्याने हेच केलं. मग त्याचा हात किंचित थरथरू लागला, एका मोठ्या प्रयोगशाळेने अख्खा माल परत पाठवला, आणि बहिणीला ठरवावं लागलं, भाऊ की कारखाना.

"मी असतो तर दोन वर्षं आधीच काढला असता," पहिल्या रांगेतला एक जाडा मुलगा म्हणाला.

"तुझा भाऊ तुला त्याच्याही आधी काढेल," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खदखदून हसला.

"सर, एवढं काय त्यात? हात चालत नाही तर गेटवर बसवायचा."

"गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद कोण करणार, तुझे तीर्थरूप? लिहायलाही हात लागतो."

पुन्हा हशा. प्राध्यापक फळ्यावर मुद्दे लिहीत होते आणि गालात हसत होते. तिने हळूच बाजूला पाहिलं. भावाने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. पाहुणे आले की आता हा कप उचलत नाही, भावजय एकदा म्हणाली होती. नातीला कडेवर घेत नाही, पडेल म्हणतो.

"ठीक आहे, मतदान," प्राध्यापक म्हणाले. "भावाला काढायलाच हवं होतं. हात वर!"

हातांचं रानच उभं राहिलं. तिच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं.

मधल्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या मुलीने मात्र हात वर केला नव्हता.

"तुझं काय?"

"सर, मला तक्ता चार समजला नाही."

प्राध्यापकांना तो तक्ता मुळात नकोच होता. मुलं आकडे वाचत नाहीत, गाळून टाकू, असं ते म्हणाले होते. तिनेच हट्ट धरला. नावं काय हवी ती घाला, मोजलेला आकडा गाळायचा नाही. पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईला एवढा अभिमान असायचाच. परत आलेल्या चाळीस नळ्यांची चूक त्यात ओळीने दिली होती, तिच्याच वहीवरून.

"काय नाही समजलं?"

"हात थरथरत असेल तर रेघ कधी वर पडेल, कधी खाली. इथे चाळीसच्या चाळीस नळ्या एकाच बाजूला चुकल्यात. आणि जवळजवळ सारख्याच, चार दशांश अंशांनी." मुलीने चष्मा वर सरकवला. "इतकी सारखी चूक थरथरत्या हाताला जमणारच नाही, सर. हा माणूस अगदी नेमक्या रेघा ओढत होता. ज्याच्याकडे बघून ओढत होता, तो प्रमाण तापमापकच चुकीचा असणार."

जाड्या मुलाने भराभर पानं उलटली. "आयला, खरंच की!"

"आणि तो वर्षातून एकदा तपासून आणायची जबाबदारी कुणाची होती?" प्राध्यापकांचा आवाज चढला. असा तास वर्षातून एखादाच मिळतो.

"पान तीन, सर. बहिणीची. त्यांच्याच कपाटात, कुलपात असायचा तो."

भावाने तक्ता चार उघडला होता. एकेका आकड्याखाली बोट ठेवत तो वाचत होता. त्याला काही घाई नव्हती.

"मित्रांनो, केसमधल्या बाई आज आपल्यातच बसल्या आहेत!" प्राध्यापकांनी हात पसरला. साठ माना मागे वळल्या. "मॅडम, हिने बरोबर ओळखलं का?"

नाही म्हणता आलं असतं. तो तापमापक तिने केव्हाच फोडून टाकला होता. पण चाळीस आकडे सगळ्यांसमोर पानावर होते, आणि ते तिनेच मोजलेले होते.

"बरोबर आहे," उभी राहून ती म्हणाली. "त्या वर्षी काम फार होतं. तपासणीला पाठवला असता तर तीन आठवडे कारखाना थांबला असता. मी पाठवला नाही."

टाळ्या पडल्या. आधी मुलीसाठी, मग तिच्या प्रामाणिकपणासाठी. त्या थांबल्या तेव्हा भावाचा हात वर होता, शाळेतल्या मुलासारखा.

"बोला. आपण?"

"मी तो भाऊ."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"एकच विचारायचं होतं. यांना हे कळलं कधी?"

"उत्तम प्रश्न!" प्राध्यापक म्हणाले. "मॅडम?"

"तू गेलास त्याच्या नवव्या दिवशी," ती म्हणाली. "माल परत आल्यावर तापमापक तपासायला पाठवला होता, त्याचा अहवाल आला तेव्हा. पण तोवर मी सगळ्यांना सांगून बसले होते रे, तुझा हात गेला म्हणून."

त्याने मान हलवली. पारा कुठे थांबला ते पाहून घेताना हलवायचा, तशी.

घंटा झाली. मुलं चष्मेवालीभोवती गोळा झाली. प्राध्यापक दोन कागद घेऊन लगबगीने मागे आले. "मॅडम, हा तर केसचा दुसरा भाग झाला! पुढच्या वर्षी दोन्ही भाग एकाच दिवशी घेऊ. फक्त तुम्हा दोघांची संमती हवी. नावं अर्थात बदलूच."

"माझं बदलू नका," भाऊ म्हणाला. "खरंच घाला."

"मग यांचंही उघड होईल हो."

"होऊ दे की."

प्राध्यापकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"आणि दोघंही याल ना? इथेच, शेवटच्या रांगेत?"

"मी येईन." भावाने सही केली. "दर वर्षी येईन. फक्त यांनाही बोलवत जा."

"चल, मी सोडते घरी," ती म्हणाली.

"बस कुठून मिळते, सर?" त्याने प्राध्यापकांना विचारलं. प्राध्यापकांनी खिडकीतून थांबा दाखवला. त्यांचे आभार मानून तो दाराकडे निघाला आणि मुलांच्या गर्दीत दिसेनासा झाला.

तिने कागदावर सही केली आणि पेन परत दिलं.

"मॅडम, एक रकाना राहिला," प्राध्यापक म्हणाले. "केसमधल्या दुसऱ्या व्यक्तीशी तुमचं नातं काय, ते."