हजारातले सात

वैशाख पौर्णिमेचा दुसरा दिवस. कोकमाची ओली सालं, वजनाला भरली पाच किलो. भाईंदरच्या आमच्या गच्चीवर हजर तिघं, म्हणजे माझी थोरली बहीण ताई, माझी मुलगी मयूरी आणि वजनकाटा घेऊन मी. उत्तनच्या बाजूने खारा वारा येत होता, आणि ताईचे दोन्ही तळहात रसाने इतके लाल झाले होते की जणू सकाळ तिच्याच ओंजळीतून उगवत असावी.

ताईने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं; प्रकाश हा तिचा जिवाभावाचा धडा. गेल्या वर्षी तिची नजर हळूहळू विझली. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हटलं, तशी ती खिडकीकडे पाठ करून बसू लागली. सालं खारवलेल्या रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची, ही आमच्या कोकणातल्या घराची आमसुलांची रीत. यंदा तीही राहून जाणार, असंच वाटत होतं. पण त्या सकाळी मयूरी तिच्या मागे लागली.

"आत्या, चल ना वर. ऊन बघ कसलं पडलंय!"

"तूच बघ. मला काय दिसणारंय, डोंबल?"

तरी मयूरीने तिला हाताला धरून वर आणलं.

काही दिवसांनी आमसुलं वाळली, तेव्हा गच्चीवरच मी पुन्हा काटा लावला. जेमतेम सव्वा किलो.

"ताई, तूट फार आली गं."

"अरे तराजू, पाणी उडालं, ते हवेत सापडेल. खरी तूट वर आहे." तिने चेहरा सूर्याकडे केला आणि कित्येक महिन्यांनी तिचा वर्गातला आवाज लागला. "त्याच्या गाभ्यात हायड्रोजन एकमेकांत मिसळून हेलियम होतोय. हजार ग्रॅम घातला तर नऊशे त्र्याण्णवच हाती येतो."

"मग सात ग्रॅम?"

"त्यांचाच दिवस होतो."

मी काटा खाली ठेवला. गाभ्यात जन्मलेलं ते तेज हजारो वर्षं आतच धडपडतं, आणि एकदा पृष्ठभागी आलं की आठ मिनिटांत आमच्या गच्चीवर उतरतं. आमसुलांवरचं मीठ, आमच्या रक्तातलं लोखंड, हे तर सूर्याहून थोर ताऱ्यांनी जळताना, फुटताना घडवलेलं. एवढ्या आगीचा वारसा अंगात वागवत मी ग्रॅम मोजत बसलो होतो.

ताईने तळहात पुढे धरला. "ढग आला ना?"

आम्ही वर पाहिलं. ढगाची कड नुकती सूर्याला लागत होती.

"जाईल तो," ती म्हणाली. "उद्या मला लवकर वर आणा. ऊन फुकट जातंय."

नजर गेली ती गेलीच. ज्या क्षणी तो उजेड गाभ्यात जन्मला, तो क्षण माणसाने काहीही लिहून ठेवण्याआधीचा, कुणाच्याच आठवणीत नसलेला. तरी एवढं अंतर, एवढा काळ ओलांडून हजारातले ते सात शेवटी पोचते झाले, ताईच्या लाल तळहातावर.