मागेल तेव्हा द्यायची चाकं

चाक ते चाक, त्यात निवडायचं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी केतनच्या बायकोला, रुचिताला, विचारावं. बिचारीनं सहा महिने दुसरं काही ऐकलं नव्हतं. जेवताना चाक, झोपताना चाक. "माझ्या वजनाची एवढी काळजी कधी केली होतीस का," असं ती एकदा म्हणाली, तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "तू गाडीच्या आत बसतेस. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली येतं, ते जास्त नडतं." आता अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं!

केतनचं घर वडखळजवळ. मिठागरं गेली तसे वडिलांनी ट्रक घेतले, आणि ट्रकांच्या जिवावर केतननं एक छोटी लाल गाडी घेतली, टर्बो इंजिनची, बुटकी आणि भलतीच तापट. खोपोलीच्या वर माळावर एका हौशी माणसानं शर्यतीचा ट्रॅक बांधला होता. महिन्यातून एका रविवारी गाडी तिथं नेऊन पळवायची, हा केतनचा नाद. एका फेरीला त्याला एक मिनिट एकतीस सेकंद लागत. तीसच्या आत आला तर पुण्याची एक टीम त्याला पुढच्या मोसमात स्वतःची गाडी चालवायला देणार होती. एक सेकंद हो फक्त! आणि तो सेकंद चाकांत अडकलाय, असं त्याचं ठाम मत होतं.

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. कंपनीची चाकं साडेनऊ किलोची, एकेक. हलकी चाकं मिळतात, पण ती ठोकून घडवलेली असतात आणि त्यांच्या किमतीत एक बरी मोटरसायकल येते. स्वस्तातली नक्कल घ्यावी, तर ती पहिल्याच खड्ड्यात पापडासारखी मोडते. मुंबईची दुकानं झाली, पुण्याची झाली, कुठं नटांची भोकं जुळेनात, कुठं माप. अशात एक दिवस मोबाइलवर जाहिरात दिसली. 'चार अलॉय, पंधरा इंची, वजनाला हलकी. दिघी. बघायला या.' फोटोत चाकं गोधडीवर ठेवलेली. केतन दुसऱ्याच दिवशी सकाळी निघाला.

दिघीला जेट्टीच्या मागच्या आळीत घर. जाहिरात टाकणारा प्रणय बाहेरच उभा होता. मागच्या पडवीत एक गाडी चार दगडांवर चढवून ठेवलेली, वर ताडपत्री. बाजूला चारही चाकं, प्रत्येक वेगळ्या गोधडीत गुंडाळलेलं. केतननं बरोबर आणलेला लटकवायचा काटा काढला आणि पहिलं चाक अडकवलं.

सहा किलो दोनशे.

त्यानं काटा झटकला, परत मोजलं. तेवढंच. चारही तेवढीच. नाण्यानं वाजवून बघितली, तर देवळातल्या घंटेसारखी स्वच्छ वाजली. चीर नाही, जोड नाही. केतनच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण भाव पाडायचा तर तोंड वाकडं ठेवावं लागतं, म्हणून तो नुसता "हं, ठीक आहेत" म्हणाला.

"माझ्या चुलतभावाची," प्रणय हळूच म्हणाला. "प्रथमेशची. तीन वर्सं झाली, होडी घेऊन पलीकडं आगरदांड्याला निघाला व्हता. होडी मिळाली. तो न्हाय मिळाला. आख्खा गाव सांगतोय, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, मोकळे व्हा. पण काकी ऐकत न्हाय. म्हणते, माझा पोरगा जिता हाय, मेला असेल तर प्रेत दाखवा."

तेवढ्यात काकी बाहेर आलीच. धोंडूबाई. साठीची, काटक, नजर सरळ माणसाच्या आरपार जाणारी. तिनं किंमत सांगितली ती ऐकून केतनला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तेवढ्या पैशांत एक टायर येत नाही.

"विकत न्हाय मी," धोंडूबाई म्हणाली. "चालती ठेवाया देते."

त्या खाडीची ती रीतच होती. माणूस परगावी गेला, आखातात गेला, की त्याची होडी कोरडी पडू द्यायची नाही. कोणीतरी नावापुरते पैसे देऊन ती चालती ठेवायची. आणि मालक परत आला, त्यानं मागितली, की त्याच पावली, आपल्या हातानं सोडायची. 'थांब जरा, आजची खेप करून देतो' हे म्हणायचं नाही. मेलेल्याची होडी विकतात, जित्याची चालती ठेवतात. धोंडूबाईनं तोच नियम चाकांना लावला होता.

"खाऱ्या वाऱ्यानं चाकं पडून पडून सडतील, मग तो येऊन माझ्यावर ओरडंल," ती म्हणाली. "मागंल तवा देशील ना, बाला?"

केतन मिठागरवाल्यांच्या घरातला. होडीचे नियम त्याला कुठले ठाऊक असायला! त्याच्या मनात आलं ते असं, की तीन वर्षं खाडीत असलेला माणूस मागायला येतोय कशाला? फुकटात सोनं मिळतंय, घे गुपचूप. प्रणयनं डोळ्यानं 'हो म्हण' अशी खूण केली. "व्हय मावशी," केतन म्हणाला, "मागेल तेव्हा देईन." धोंडूबाईनं त्याचा हात धरून चाकावर ठेवला आणि तेच वाक्य परत म्हणायला लावलं. चाक भर दुपारी गार होतं.

पहिला आठवडा नुसती चैन. नवे टायर चढवले, वडखळच्या टायरवाल्या धर्माकडून हवा भरून घेतली आणि गाडी हरणासारखी उड्या मारू लागली. मग बुधवारी स्टिअरिंग थरथरायला लागलं. केतन धर्माकडे गेला. धर्मानं चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवलं, यंत्रानं चाळीस ग्रॅम दाखवले, त्यानं तेवढं शिसं चिकटवलं. परत फिरवलं तर नव्वद. परत, तर दीडशे. धर्मानं यंत्राला एक ठेवणीतली शिवी हासडली आणि टायरच खोलला.

आत पाणी होतं. दोन पेले तरी असेल, आणि तळाला बारीक काळी रेती. धर्मानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि पचकन थुंकला.

"गाडी खाडीत घातली होतीस का रं?"

"तूच तर हवा भरलीस आठ दिवसांपूर्वी!"

"म्हणूनच इचारतोय," धर्मा म्हणाला. तो आता हसत नव्हता.

बाकीच्या तिन्हींतही तेच. केतननं रिकामी चाकं फडक्यानं कोरडी पुसली आणि काट्याला लावली. साडेसात किलो. काटा बिघडला असणार, म्हणून त्यानं शेजारच्या दुकानातून पाच किलो तांदळाची पिशवी आणून लावली. बरोबर पाच. धर्मानं दोन पावलं मागं घेतली आणि हात पुसत म्हणाला, "मी न्हाय बाबा यात परत हवा भरणार." शेवटी केतननंच टायर चढवले, स्वतःच हवा भरली. मनातून तो चांगला टरकला होता, खोटं कशाला सांगू. पण रविवार चार दिवसांवर होता, आणि माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तो आपल्याच डोळ्यांना वेड्यात काढतो. रुचिताला त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही.

रविवारी ट्रॅकवर एप्रिलचं ऊन असं, की डांबर बुटाला चिकटत होतं. सकाळच्या फेऱ्यांत एक तीस पूर्णांक तीन. दुपारी एक वाजता त्याची शेवटची पाळी. केतन हेल्मेट घेऊन गाडीपाशी आला, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ एक पोरगा उकिडवा बसला होता. उंच, हडकुळा, अनवाणी. केस कपाळाला चिकटलेले. तो तळहातानं चाक पुसत होता, एखाद्या बैलाची पाठ पुसावी तसा, आवडीनं.

"ए भाऊ, हात नको लावूस, तापलंय ते," केतन म्हणाला.

पोरानं वर बघितलं. "माझी हायत ही."

केतननं आजूबाजूला बघितलं. एवढं ऊन, चारही बाजूंना माणसं, कोणी जॅक मारतंय, कोणी वडापाव खातंय, आणि कोणाचंही इकडं लक्ष नाही.

"आईनं दिली ना तुला?" पोरगा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आता दे."

तोंडात आलेला शब्द 'घे' हाच होता. केतन पुढं कित्येकदा शपथेवर सांगायचा, तोच होता. पण तेवढ्यात ट्रॅकवरच्या माणसानं हिरवं निशाण हलवून त्याला बोलावलं, आणि केतनच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"एवढी एक फेरी मारतो. मग देतो."

पोरगा उठून उभा राहिला. "बरं," म्हणाला, आणि बाजूला झाला.

त्या फेरीबद्दल केतन फारसं बोलत नाही. पहिल्या वळणालाच त्याच्या लक्षात आलं, की खालून रस्ता लागत नाहीये. ना खडा, ना धक्का, ना टायरची किंकाळी. गाडी नुसती तरंगत चालली होती, भरतीला सोडलेल्या होडीसारखी. स्टिअरिंगला वजनच नव्हतं. तिसऱ्या वळणावर पायाला गार लागलं. त्यानं खाली बघितलं तर घोट्यापर्यंत पाणी, आणि ब्रेक दाबला की ते पुढं जाऊन परत येत होतं. वास चिखलाचा, खाडीच्या तळाचा. हात आपोआप वळत होते, आणि इतकी सुरेख वळणं त्यानं जन्मात घेतली नव्हती. कोणीतरी जाणकार घेत होतं ती.

घड्याळानं दाखवलं, एक मिनिट अठ्ठावीस. पुण्याच्या टीमची माणसं टाळ्या वाजवत धावत आली. केतननं दार उघडलं. आत टिपूसभरही पाणी नव्हतं. पोरगा कुठंच नव्हता. तो उभा होता तिथं डांबरावर दोन ओली पावलं होती, आणि त्या उन्हात ती वाळत नव्हती. "माझी चूक झाली, घेऊन जा, घेऊन जा," असं केतन मोठ्यानं त्या पावलांशी बोलत राहिला. लोकांना वाटलं याला ऊन लागलं. त्यानं तिथंच, अडीअडचणीला बरोबर आणलेली जुनी चाकं चढवली, ही चार मागं टाकली, आणि कोणाशी न बोलता दिघीचा रस्ता धरला.

पोचेपर्यंत पाच वाजले. धोंडूबाई अंगणात सुकट निवडत होती. केतननं चाकं एकेक करून तिच्यापुढं ठेवली.

"मावशी, त्यानं मागितली."

सूप हातातून सुटलं. म्हातारीचा चेहरा असा उजळला, की केतनला बघवेना. "मी सांगत व्हते! आख्ख्या गावाला सांगत व्हते! प्रणय, ऐकलास का? आलाय तो!" तिनं केतनचे दोन्ही हात धरले. "कसा दिसतो? बारीक झालाय ना? जेवला व्हता का? कुठं ऱ्हातो म्हनला?"

"बारीक झालाय," केतन म्हणाला. "राहायचं काही बोलला नाही."

"आन् माझं? माझं काय इचारलान?"

प्रणय दारात येऊन उभा राहिला होता. तो केतनकडं बघून मान हलवत होता, पण हो म्हण की नको म्हण, ते कळत नव्हतं. केतनला स्वच्छ दिसलं, की आता 'विचारलं' म्हटलं तर ही बाई मरेपर्यंत या अंगणात बसून राहील. तीन वर्षं बसली तशी अजून वीस वर्षं. आणि 'नाही' म्हटलं तर? एक खोटं तर बोलायचं होतं, त्यात काय जात होतं? पण एक खोटं तो याच घरी चाकावर हात ठेवून बोलून बसला होता.

"नाही मावशी," तो म्हणाला. "फक्त चाकं मागितली. आणि मी लगेच दिली नाहीत. एक फेरी मारून देतो म्हणालो. तेव्हाच दिली असती तर कदाचित तुमचं काही विचारलं असतं त्यानं. मला माफ करा."

धोंडूबाईनं त्याचे हात सोडले. वाकून तिनं एका चाकावर तळहात ठेवला.

"अंग ओलं व्हतं का त्याचं?" तिनं विचारलं.

"हो."

"तीन वर्सांनी आला, आन् आईचं इचारलान न्हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "जिता असता तर पयलं तेच इचारलं असतं. भांडून तरी इचारलं असतं."

मग तिनं तोंड उघडलं आणि जो हंबरडा फोडला तो जेट्टीपर्यंत गेला. तीन वर्षांत आळीनं तिला रडताना ऐकलं नव्हतं. बाया हातातली कामं टाकून धावत आल्या. प्रणय खांबाला धरून उभा होता. सगळ्यांत पुढं आलेल्या शेजारणीनं घाबरून विचारलं, "अगो, काय झालं? कोन गेला?"

"माझा प्रथमेश," धोंडूबाई म्हणाली. "आत्ता गेला गो. आत्ताच गेला."