बोला बिनधास्त पेटी

माझी आई चष्म्याच्या काचा तपासते. काच मीटरखाली धरायची, नंबर जुळला की पाकिटात. फक्त रोज सकाळी आधी मीटर शून्यावर आणायचं. बस्स.

शनिवारी शाळा लवकर सुटली आणि घराची किल्ली घ्यायला मी तिच्या कारखान्यात गेले, तर तिथे सभा! नवे साहेब, ज्यांच्या शर्टावर सुरकुतीसुद्धा परवानगी घेऊन पडत असेल, एका लाल पेटीशेजारी उभे होते.

"इथे कुणी कुणाला घाबरायचं नाही. मनात असेल ते लिहा. नावही नको!"

टाळ्या. आता पेटी टांगली कुठे? साहेबांच्या केबिनच्या काचेसमोर. चिठ्ठ्या प्रत्येक विभागाच्या वेगळ्या रंगाच्या. तपासणीला पिवळ्या. आणि तपासणीत माणसं दोन, आई आणि शेजारच्या टेबलावरच्या मावशी. धन्य ती गुप्तता!

आईने मला बाजूला ओढलं. तोंड पांढरंफटक. "आज मीटर शून्यावर आणायचं राहिलं गं. साठ जोड्या पॅक झाल्यात. चारला गाडी निघेल."

"मग सांग ना!"

"पॅकिंगमधल्या काकांनी सांगितली होती त्यांची चूक. आता गोदामात खोकी उचलतायत."

"चिठ्ठी टाक की," मावशी फिसकन हसल्या. "सोमवारी उघडतील. तोवर साठ जण खांबांना धडकतील."

माझा नंबर उणे पाच. चुकीच्या काचेने डोकं कसं भणभणतं ते मला विचारा! मी चष्मा काढला आणि आईकडे बघत राहिले.

आई सरळ साहेबांसमोर गेली. "साहेब, चूक माझी आहे. गाडी थांबवा."

साहेबांचं हसू जागच्या जागी वाळलं. "अहो, हे पेटीत टाकायचं ना?"

"पेटीला गाडी थांबवता येत नाही, साहेब."

"मीपण दोनदा विसरलेय," मावशी उठल्या.

"माझं चाक महिनाभर हलतंय," काचा घासणारे दादा म्हणाले. मग आणखी तिघं बोलले.

गाडी थांबली. सोमवारी आईची रवानगी गोदामात होणार होती म्हणे. पण मग सहाही जणांना पाठवावं लागलं असतं, आणि गोदामात एवढी जागा कुठली!

पेटी रिकामीच निघाली. साहेबांनी फलकावर लिहिलं, 'एकही तक्रार नाही. योजना यशस्वी.'

पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आई घरी घेऊन आली. पाठकोऱ्या आहेत. मी त्यांच्यावर गणितं सोडवते.