गजेंद्रच्या नावाची मूठ

मित्रांनो, सुरतेत गोडादऱ्यात शोभाबाईच्या दुकानात शेंगदाणे घ्यायला गेलात आणि दाराआड एखाद्या दगडाची ठेच लागली, तर कळवळून शिव्या देऊ नका. तो दगड म्हणजे मी. मी एक जुना घरोट. पुण्याकडचे लोक मला जातं म्हणतात. म्हणोत बापडे, नाव बदलल्यानं माझं दळण काही हलकं झालं नाही.

माझा जन्म अमळनेर तालुक्यातला. एका पाथरवटानं काळ्या दगडातून माझ्या दोन तळ्या काढल्या, वरच्या तळीला भोक पाडलं, खुंटा ठोकला आणि टाकीनं अंगभर घाव घातले. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. मला देवपण नाही आलं, पीठ तेवढं बारीक पडू लागलं. शोभाबाईच्या आईनं मला पुष्कळ वर्षं फिरवलं. मग गावात विजेची चक्की आली आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या.

शोभाबाई तेव्हा नवऱ्याबरोबर, लोटूबरोबर, सुरतेत राहत होती. लोटू लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, खात्यात कामाला होता. ती एकदा माहेरी आली आणि मला घेऊनच निघाली. अमळनेर स्टेशनात मला गाडीत चढवताना हमालानं कपाळाला हात लावला. लोटू तर गाडीभर बडबडत होता, "लोकेस्न्या बायका सोनं लई जातस, मन्ही बायको दगड लई जाई ऱ्हायनी!" सगळा डबा हसला. शोभाबाईनं पदरानं माझी तळी पुसली. तिचा हट्ट असाच असतो, आवाज न करणारा.

हट्टाचं कारण कानबाई. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात. घरात जितके पुरुष, तितक्या मुठी गहू काढायचा, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. मुलगा जन्मला की मूठ वाढते. माणूस गेला की त्याची मूठ थांबते. हे गहू शुद्ध दळले पाहिजेत. गल्लीत सुकदेवची चक्की होती, पण तिच्यात एकाची बाजरी, दुसऱ्याची मका, तिसऱ्याची डाळ. शोभाबाईला ते पटेना. म्हणून मी सुरतेला आलो.

तिनं खोलीच्या पुढच्या भागात दुकान मांडलं होतं. शेंगदाणे, उडदाचे पापड, आमच्याकडची तिखट मिरची. बाहेर ओट्यावर माझी जागा. समोर एका काठियावाडी काकाचं सायकलचं दुकान, शेजारी उडिया कामगारांची खानावळ, पलीकडे सुकदेवची चक्की. दुपारी बायका माझ्याभोवती बसून साड्यांना टिकल्या चिकटवत. ओटा टिकल्यांनी चमचमायचा आणि मी काळा तो काळाच.

पण कानबाईच्या आदल्या दिवशी माझा थाट बघावा! गल्लीतल्या बायका सुपात गहू घेऊन रांग लावायच्या. हळदीकुंकू आधी मला, मग एकमेकींना. मग एकेक मूठ नाव घेऊन सुपात पडायची. नवऱ्याची मूठ पहिली आणि तिला नाव नाही, कारण नवऱ्याचं नाव कोण घेणार? ती मूठ मुकाट्यानं टाकायची, मग दिराचं, मुलाचं नाव घेऊन पुढच्या. शोभाबाईची पहिली मूठ मुकी, मग "ही गजेंद्रनी", मग "ही भूपेंद्रनी". तिनं या दळणाचा कुणाकडून पैसा घेतला नाही. मी कौतुकानं इतका फुगलो होतो की दगड नसतो तर फुटलो असतो.

गजेंद्र तिचा थोरला. साड्यांच्या मार्केटात गठ्ठे बांधायच्या कामाला होता. मोठा चावट. आई दळायला बसली की समोर बसून खुंट्याला हात लावायचा. बायका चिडवायच्या, "काय रे गजा, तुले नवरी करी दिऊत का?" तो म्हणायचा, "करा ना, पन सासरी घरोट पाहिजे." आणि असा जोरात ओढायचा की माझ्या पोटातले गहू भरडेच बाहेर पडत. शोभाबाई त्याच्या हातावर चापट मारायची. मला तो फार आवडायचा, हे आता सांगायला काय लाज!

चौऱ्याण्णव साली तापीला पूर आला. पूर ओसरला आणि गणपती गेल्यावर शहरात प्लेगची बातमी फुटली. कुणी म्हणे इतके मेले, कुणी म्हणे तितके. खरं-खोटं कोण तपासतो? एका दिवसात गल्ली रिकामी झाली. सायकलवाल्या काकांनी दुकान ओढून घेतलं, खानावळीची चूल विझली, सुकदेवनं चक्कीवर गोणपाट टाकलं. शोभाबाईच्या घरानंही बोचकी बांधली. मला कोण नेणार? मी ओट्यावरच राहिलो.

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर बायकांच्या तोंडून ऐकलं. शेजारची मंदा हे सांगताना नेहमी रडायची. उधना स्टेशनात गाडी आली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं टपावर, दांड्यांना, दोन डब्यांच्या मधे. गजेंद्रनं मंदाचं तान्हं मूल खिडकीतून आत दिलं, मग मंदाला ढकललं, मग आईला. लोटू आणि भूपेंद्र कसेबसे दारातून शिरले. गाडी हलली तेव्हा गजेंद्र खाली होता. म्हणाला, "माय, तू बठ. मी मांगला डबामा चढस."

अमळनेरला सगळे उतरले. गजेंद्र उतरला नाही.

गावानं सुरतेहून आलेल्यांना शिवेवरच अडवलं आणि शाळेत ठेवलं. तिथून सुटल्यावर लोटू पोरासाठी वेडापिसा होऊन फिरला. नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, प्रत्येक स्टेशनात आणि दवाखान्यात विचारून आला. कुणी म्हणे टपावर बसलेला दिसला. कुणी म्हणे गाडी सुटल्यावर घराकडे वळला. मित्रांनो, तो घराकडे आला नव्हता. त्या दिवसांत गल्लीत मी होतो, दोन कुत्री होती आणि फवारणीचा वास होता. तो आला असता तर मला कळलं असतं. पण दगडाला कोण विचारतं?

दिवाळीनंतर माणसं परतली. पुढं शहर झाडून-पुसून लख्ख केलं गेलं. रस्ता रुंद झाला, त्यात माझा ओटा गेला आणि मी दाराआड आलो. गल्लीचं रूप पालटलं. शोभाबाई मात्र रोज दुकानाच्या फळ्या लावताना रस्त्याच्या टोकापर्यंत बघायची आणि मगच शेवटची फळी लावायची.

पुन्हा श्रावण आला. रांग लागली. शोभाबाईची पाळी आली तशी गल्ली चिडीचूप झाली. पहिली मूठ मुकी पडली. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ही गजेंद्रनी." सव्वा मूठ पडली. त्या वर्षी सगळ्यांच्याच मनात आशा होती.

दुसऱ्या वर्षी कुजबुज सुरू झाली. मेलेल्याच्या नावाचा गहू रोटात गेला तर रोट बाटतो, कानबाई कोपते. आणि जिवंत माणसाची मूठ चुकवली तर? तर त्याचं आयुष्य आपल्या हातानं तोडल्यासारखं. आता सांगा, जो जिवंत की मेला हेच ठाऊक नाही, त्याच्या आईनं काय करावं? माझं काम दळायचं. पण या गोष्टीचं पीठ मला कधी करता आलं नाही.

धाकट्या भूपेंद्रचं लग्न झालं, नूतन सून म्हणून आली. तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पोट पडलं. झालं! गल्लीला कारण सापडलं. लोटूचा थोरला भाऊ धुडकू गावाहून आला. जेठ, म्हणजे थोरला दीर, भावजयीशी सरळ बोलत नाही, म्हणून तो लोटूकडे तोंड करून म्हणाला, "लोटू, तुन्ही बायकोले सांग. पोऱ्या जित्ता राहता ते चिठ्ठी टाकता. आते मूठ बंद करा. त्यान्ही क्रिया करी टाकूत."

शोभाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तीही नवऱ्याकडे बघूनच बोलली, "त्यास्ले सांगा, माले त्यान्ही राख दखाडा. मंग मी मूठ बंद करसू."

लोटू दोघांच्या मधे बसून जमीन उकरत राहिला. त्यानं ना भावाचं सांगितलं, ना बायकोचं.

त्या श्रावणात तिनं गजेंद्रची मूठ टाकली आणि रांगेतल्या बायका एकेक करून उठल्या. ज्या तळीवर बाटलेला रोट दळला जाणार, तिच्यावर आपला कसा दळायचा? सुकदेवनं चक्की धुवून काढली, तिला हळदीकुंकू लावलं, आणि रांग तिकडे गेली. मंदाही गेली. जाताना तिनं मान वर केली नाही. तिच्या तान्ह्याला खिडकीतून आत देणारे हात कुणाचे, हे ती विसरली नव्हती. पण ते पोर आता गल्लीभर पळायला लागलं होतं, आणि पोराच्या जिवाची भीती मोठी वाईट. मी तिला दोष देत नाही. तरी खरं सांगू? राग आला.

ती वर्षं माझी उपेक्षेची. एका घराचं दळण, तेही रडत-कुढत नव्हे, अगदी मुकाट्यानं. शोभाबाई आणि मी. पुढं लोटूची छाती धरली. वर्षानुवर्षं सुताची भुकटी नाकातोंडात गेलेली. आषाढात तो गेला. त्या वर्षी कानबाई बसलीच नाही.

त्याच्या पुढच्या श्रावणात शोभाबाई सूप घेऊन माझ्यापुढं बसली. नूतन भिंतीला टेकून बसली होती. तिला पुन्हा दिवस गेले होते आणि तिच्या पोटाकडे सगळी गल्ली डोळे लावून होती. शोभाबाईनं गहू भरून पहिली मूठ मुकाट्यानं सुपात टाकली. मग "ही गजेंद्रनी", मग "ही भूपेंद्रनी". गहू सारखा करायला तिनं हात फिरवला आणि थबकली. हातात बांगड्या नव्हत्या. ती पहिली मूठ कुणाची, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

तीस वर्षांची हाताची सवय! नवऱ्याची मूठ नाव न घेता पडायची, म्हणून ती अडवायला तोंडाला वेळच मिळाला नाही. लोटूला जाऊन वर्ष झालं होतं. त्याची राख तिनं स्वतः पाहिली होती. त्याची मूठ रोटात चालणार नव्हती.

तिनं सव्वा मूठ परत काढायला सुपात हात घातला. मूठ भरली, पण हात वर येईना.

"नूतन," ती म्हणाली, "आते यामातली कोनी काढू?"

गव्हाला नाव नसतं. तिच्या मुठीत आलेले दाणे नवऱ्याचे की पोराचे, की धाकट्याचे? कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं? इतकी वर्षं सगळ्या भाऊबंदांना पुरून उरलेली ती बाई माझ्या खुंट्यावर कपाळ टेकून ढसाढसा रडली. दोघांसाठीचं रडणं एकदमच आलं. मी थंड दगड, मला तिच्या कपाळाचा ताप कळत होता आणि काही करता येत नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले, ते सगळे गहू गच्चीवर नेऊन पारव्यांना टाकले आणि खाली येऊन नवे गहू घेतले. पहिली मूठ आता भूपेंद्रची. नाव घेऊन टाकली. दुसरी मूठ भरली, गजेंद्रची, आणि ती हातातच राहिली. तिची नजर नूतनच्या पोटाकडे गेली.

नूतन म्हणाली, "टाका आत्या. माले काही भ्याव नही."

पोरीच्या तोंडावर भीती स्पष्ट दिसत होती. तरी तिनं म्हटलं, हे तिचं मोठेपण.

"नही, माय," शोभाबाई म्हणाली. तिनं मूठ गव्हाच्या डब्यावर धरली आणि हळूहळू उघडली. दाणे डब्यात पडले. राख कुणी दाखवली नव्हती. तिनं न पाहताच मूठ बंद केली. मग खुंटा धरला आणि दळायला लागली. सव्वा मुठीचा तो काय फरक, चक्कीला कळलाही नसता. मी पोटात नुसता पोकळ वाजत होतो.

नूतनला मुलगा झाला, सुखरूप. त्याच्या नावाची मूठ सुरू झाली. आणि पुढच्या श्रावणात काय झालं असेल? बायका परत आल्या. रोट आता शुद्ध झाला होता ना! रांग लागली, मला हळदीकुंकू लागलं, मंदानं तर माझ्या पाया पडून घेतलं. "घरोटवरना रोटनी चव चक्कीले नही," असं सगळ्या म्हणाल्या. जी वाहवा मला हवीहवीशी वाटायची, ती त्या दिवशी कानात खड्यांसारखी गेली. दळायला नूतन बसली होती. शोभाबाई दुकानात पाठमोरी शेंगदाणे तोलत होती. त्यानंतर तिनं माझ्या खुंट्याला कधी हात लावला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी, आमची निगा राखा, अशी विनवणी करायची असते. माझी निगा नका राखू. दगडाला काय धाड भरली आहे! माझं मागणं वेगळं आहे. घरातून पोटासाठी निघालात, रागानं निघालात, नाहीतर गर्दीत हात सुटला, तर जिथं असाल तिथून दोन ओळींचं पत्र धाडा. तुमच्या नावाची मूठ भरून कुणीतरी बसलेलं असतं. ती टाकायची की नाही, हे त्या हाताला ठरवायला लावू नका.