निवळशंख

पोपटरावांनी कवठे येमाईच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला खांडसरीचा कारखाना काढला. साखर पांढरी व्हावी म्हणून तिथं गंधक जाळायचे. धूर दिवसभर ओढ्यावर बसून राही. वर्षभरात पाणी असं स्वच्छ झालं की तळातला खडा न् खडा दिसायला लागला. गावाला कोण आनंद! 'निवळशंख पाणी' म्हणून जो तो कौतुक करी. मी मिशनच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. निवळशंख म्हणता, पण त्यात एक तरी शंख उरलाय का, हे वाकून बघायला कुणाची कंबर मोडत होती? शेवाळ गेलं, बेडूक गेले, आणि काठावरचे शंख चिमटीत धरले की त्यांचा भुगा व्हायचा.

बघणारे आम्ही दोघंच, मी आणि चांदभाई. माझी बायको दबोरा वारल्यापासून माझ्याशी रोज बोलणारं तेवढं एकच माणूस. सकाळी ओढ्यात जाळं टाकायचा आणि मग माझ्या ओट्यावर चहाला बसायचा. त्याची बायको मेहरुन केव्हाच दौंडला, रेल्वेतल्या लेकाकडे राहायला गेली होती. मासे संपले की हाही जाणार, हीच मला धास्ती होती.

श्रावणात मी शाळेच्या कपाटातला निळा लिटमस कागद आणून गुपचूप ओढ्यात बुडवला. तो लाल झाला. धुरातलं गंधक पावसाबरोबर उतरून पाण्याचं तेजाब होत होतं. कागद मी चुलीत घातला.

"मास्तर, आज बी काय घावलं न्हाई," चांदभाई म्हणायचा.

"येतील हो. घोडनदीला पाणी वाढलं की मासे वर चढतील."

खोटं बोलतात म्हणून पोरांना जन्मभर छड्या मारल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दिवाळी झाली. एका सकाळी गुडघाभर गार पाण्यात उभा राहून तो रिकामं जाळं झटकताना दिसला आणि मला माझीच लाज वाटली.

"चांदभाई, बाहेर या. मासे आता यायचे नाहीत. पाणी नासलंय. मला श्रावणापासून माहीत होतं."

तो बाहेर आला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला आखाडापासनं ठावं हाय," तो म्हणाला. "जाळ्यात खेकडा आलता. त्याची पाठ भिजल्या भाकरीवानी दबली. तवाच समजलो."

"मग रोज जाळं कशाला टाकत होता?"

"तुमच्या वट्यावर बसायला कायतरी निमित्त नगं? मेहरुन सारखा सांगावा धाडती. मी कळवायचो, मास्तर म्हणत्यात मासं येणार हायती."

"मग अजूनही तेच कळवा ना."

त्यानं जाळं पिळलं आणि घडी घालायला घेतली.

"आता कसं कळवू, मास्तर? तुमीच न्हाई म्हणालात."

दुपारच्या एस.टी.नं तो शिरूरला गेला, आणि तिथून दौंडला.