चाचणीखालचं कपाट

रविवारी सकाळी विनता न्हाणीतून बाहेर आली तेव्हा जाळीचं कपाट अंगणात उभं होतं आणि कबाडीवाला त्याला दोरी बांधत होता. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या चार वाट्या तिच्या नवऱ्याने, नरहरांनी, एकात एक घालून पायरीवर ठेवल्या होत्या.

"गुरुवारी सुशांतचा फ्रीज येऊन राहिला," ते म्हणाले. "दोन दाराचा आहे. जागा लागते ना त्याला."

सुशांत म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. आईवडिलांकडे अजून एका दाराचा छोटा फ्रीज आहे, याची त्याला मित्रांत लाज वाटत असावी. विनताला त्या छोट्या फ्रीजची लाज वाटत नव्हती. दोन माणसांचं दूध, दही आणि भिजवलेली कणीक त्यात नीट मावत होती. उरली भाजी, ती जाळीच्या कपाटात राहायची. कपाट सागवानी होतं, तिने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शहरातल्या ओमती भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. या उन्हाळ्यात तिने त्याच्यावर तिन्ही बाजूंनी गोणपाट सोडलं होतं आणि वर पाण्याचा डबा ठेवून त्यातून सुती चिंध्यांच्या वाती काढल्या होत्या. गोणपाट दिवसभर ओलं राही, पाणी उडून जाई आणि आतली हवा गार होई. विजेचं बटण कुठेच नव्हतं. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. बाष्पीभवनाचा धडा तिने सव्वीस वर्षं घेतला होता, पण भाजी ठेवून बघायला निवृत्त व्हावं लागलं होतं.

जुन्या वस्तूंवर तिचा आंधळा जीव होता असं नाही. जुना गिझर तिने स्वतः काढायला लावला, कारण तो वीज खाई फार. पण काम करणारी वस्तू घराबाहेर गेलेली तिला सोसत नसे. शाळेने टाकून दिलेल्या लोखंडी स्टँडचा तिने वाचायचा दिवा केला होता. केबलच्या रिकाम्या रिळावर शेजारची प्रतिमा रोज बसून चहा पीत असे आणि असंच एक मला पण दे म्हणून मागे लागली होती.

नरहरांची गोष्ट वेगळी. फॅक्टरीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढल्यामुळे त्यांना वस्तू दिसली की निकाल द्यावासा वाटे. त्यांच्या सेक्शनमध्ये पुठ्ठ्याच्या तीन रंगांच्या चिठ्ठ्या असत. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे कंडम, पिवळी म्हणजे चाचणी चालू. पिवळी लागलेल्या वस्तूला निकाल लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एकदा एका ट्रॉलीला पिवळी चिठ्ठी लावणारा साहेब बदलून गेला, तर ती ट्रॉली तीन वर्षं वाटेतच उभी राहिली आणि चारशे माणसं रोज तिला वळसा घालून गेली. ही गोष्ट नरहर घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत, आणि ती सांगताना त्यांची मान ताठ होई. निवृत्तीच्या वेळी रद्दीत निघालेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला होता. विनता त्यांच्यावर किराण्याची यादी लिहायची.

कबाडीवाल्याने दुसरी गाठ मारली. विनता वळली. आत गेली, गठ्ठ्यातली एक पिवळी चिठ्ठी काढली, तिच्यावर तारीख घातली, खाली सही केली आणि बाहेर येऊन ती कपाटाच्या कडीला बांधली.

नरहरांनी चिठ्ठी वाचली. मग उलटून मागची बाजू पाहिली.

"हे काहून लावलं?"

"चाचणी चालू आहे."

"कशाची?"

"पालक किती दिवस टिकतो याची. सात दिवसांची आहे."

त्यांनी तारीख आणि सही तपासली. कबाडीवाल्याने विचारलं, "बाबूजी, उठाएँ?"

"अभी नहीं," नरहर म्हणाले. "ट्रायल पे है."

कपाट पुन्हा आत गेलं. विनताचा हिशेब सोपा होता. चिठ्ठी गुरुवार ओलांडून जाईल, फ्रीज ठेवायला जागा नसेल, दुकानदार तो परत नेईल आणि सुशांत कंटाळेल. चाचणी तिने बोलण्यापुरती काढली होती. पण नरहरांना बोलण्यापुरती चाचणी ठाऊक नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी एका कोऱ्या डायरीत रकाने आखले. एक थर्मामीटर कपाटात पालकाच्या ताज्या जुडीशेजारी टांगला, दुसरा ओसरीवर. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री आठ अशा वेळा ठरवल्या. ओसरीवर त्रेचाळीस अंश, कपाटात अठ्ठावीस असा आकडा पहिल्या दुपारी लिहिला तेव्हा ते दोनदा चष्मा पुसून आले.

सोमवार बरा गेला. मंगळवारी विनता अकराला प्रतिमाकडे रीळ घासून द्यायला गेली आणि बोलण्यात तीन वाजले. तेवढ्यात वरचा डबा रिकामा झाला होता. गोणपाट खडखडीत वाळलं होतं आणि आत पालकाची जुडी मान टाकून पडली होती. नरहर दुपारचं वाचन घेऊन झोपले होते. डायरी त्यांच्या उशाखाली होती, त्यांनी काय लिहिलं ते तिला दिसलं नाही. पण जुडी उद्या त्याहून वाईट दिसणार हे तिला कळत होतं. चार दिवसही न टिकलेल्या पालकावर कुठला इन्स्पेक्टर कपाट पास करणार?

बुधवारी पहाटे नरहर फिरायला गेल्यावर तिने भाजीवाल्याकडून ताजी जुडी घेतली. जुन्या जुडीचे देठ मोजले, एकोणीस भरले. नव्या जुडीतले चार काढून तेही एकोणीस केले. जुन्या जुडीचा पांढरा दोरा सोडून तोच नव्या जुडीला बांधला, गाठही तशीच डावीकडे. प्रयोगवहीतला एक आकडा खोडून दुसरा लिहिणाऱ्या मुलींना ती वर्गाबाहेर काढत असे, हे तिला दोरा बांधताना आठवलं. तरी गाठ तिने नीट घट्ट मारली.

जुनी जुडी वाया घालवण्याचा प्रश्न नव्हता. ती दुपारी डाळभाजीत गेली.

जेवायला बसल्यावर नरहरांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि डायरी मागवली.

"रात्री जुडी दोनशे एकोणतीस ग्रॅम होती," ते म्हणाले. "सकाळी दोनशे एक्कावन्न."

ते जुडी वजन करून पाहतात हे विनताला माहीतच नव्हतं. तिने डायरीत नंतर पाहिलं, रविवारपासून प्रत्येक वाचनाला ग्रॅमचा रकाना होता. तिने देठ मोजले होते, गाठ जुळवली होती. वजन करणं सुचलं नव्हतं.

"हवेतला ओलावा शोषला असेल," ती म्हणाली.

नरहरांनी बोटाने ताटातली डाळभाजी दाखवली.

"मग हा कोणता पालक आहे?"

विनताने ताटाकडे पाहिलं. खोटं बोलायला आता ताटातली भाजीच आडवी आली होती. तिने सांगून टाकलं, सगळं, भाजीवाल्यापासून गाठीपर्यंत. नरहर जेवत राहिले. भाजी त्यांनी पुन्हा वाढून घेतली. हात धुऊन आल्यावर त्यांनी डायरीत लाल पेनाने लिहिलं: नमुना बदलला. चाचणी रद्द. मग चपला घालून बाहेर गेले.

कबाडीवाल्याला बोलवायला गेले असणार, असं विनताने धरून घेतलं. तिने कपाटातली भाजी काढून परातीत ठेवली. टोमॅटो, भोपळा, अर्धी काकडी. गोणपाटाच्या घड्या केल्या. कपाट रिकामं झाल्यावर आधीपेक्षा लहान दिसायला लागलं.

नरहर परत आले ते एक पितळी कुलूप आणि लाखेची कांडी घेऊन.

"गोणपाट काहून काढलं?"

"चाचणी रद्द झाली ना."

"चाचणी रद्द झाली. कपाट कुठं कंडम झालं?" त्यांनी कांडी खाली ठेवली. "पुन्हा पहिल्यापासून. जुडी मी आणतो, मी बांधतो. किल्ली माझ्याकडे. डबा भरायचं काम तुझं, अन् ते मी पाहीन."

संध्याकाळी ताजी जुडी कपाटात गेली, बाकीची भाजीही परत गेली, कुलूप लागलं आणि चिठ्ठीच्या दोऱ्यावर लाख लागली. स्वयंपाकासाठी टोमॅटो हवा असला तर विनताला मागावा लागे आणि नरहर ती वेळही डायरीत लिहून ठेवत.

गुरुवारी साडेअकराला नेपियर टाउनच्या दुकानातून दोन माणसं फ्रीज घेऊन आली. खोकं इतकं मोठं होतं की बाहेरच्या दारातून जेमतेम आत आलं. नरहर बनियनवरच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी दोघांना पिवळी चिठ्ठी दाखवली, लाख दाखवली, आणि निकाल पुढच्या बुधवारी आहे असं हिंदीत समजावलं. त्यातल्या थोराड माणसाने फ्रीज बैठकीत ठेवण्याचा उपाय सुचवला. नरहर म्हणाले, ज्या जागेचं काम चालू आहे तिथलं सामान भलतीकडे उतरवायचं नसतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोराड माणसाने पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर, सही लागेल माघारी नेण्याची, असं म्हणाला. नरहरांनी ती आनंदाने दिली.

पुढचे सहा दिवस विनताने डबा रिकामा होऊ दिला नाही. प्रतिमाकडे ती गेली, पण घड्याळ लावून. पालक पाच दिवस ताठ राहिला, सहाव्या दिवशी कडेने मऊ पडला, सातव्या दिवशी भाजी करण्याजोगा पण दाखवण्याजोगा नाही, असा झाला. एकही आकडा खोडलेला नव्हता.

बुधवारी रात्री आठचं वाचन घेऊन नरहर डायरी पुढ्यात ठेवून बसले. पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. विनता समोर बसली. फ्रीज परत येऊ शकत होता, कबाडीवाला रविवारी पुन्हा फिरणार होता. निकाल आता एका रेघेचा होता. तरी ती म्हणाली, "एक लिहायचं राहिलं आहे. पावसाळ्यात हे चालणार नाही. हवा दमट झाली की पाणी उडत नाही. तीन महिने आतलं अन् बाहेरचं सारखंच."

"हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"हो. चाललं असतं."

नरहरांनी तिच्याकडे पाहिलं, मग लिहिलं. विनताने उलट्या बाजूने वाचलं: हवा कोरडी असेपर्यंत, गोणपाट ओलं ठेवल्यास, पास. पावसाळ्यात कांदे, बटाटे, लसूण. खाली सही झाली.

सुशांतचा फोन आला तेव्हा नरहर लाख खरवडत होते. दुकानदाराने त्याला दोन वेळा विचारलं होतं, फ्रीज पाठवायचा की पैसे परत करायचे. तो बराच वेळ बोलला. बाबा, ते नुसतं कपाट आहे, असंही एकदा म्हणाला. नरहरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पैसे परत घे," ते म्हणाले. "नाहीच ऐकायचं तर एकच नग पाठव, सात दिवसांसाठी. जागा बैठकीत. पालक आम्ही ठेवू, रोज वजन करू, अन् विजेच्या मीटरचं वाचन पण घेऊ."

पलीकडून सुशांत काहीतरी विचारत होता.

"तुझी आई आहे ना मदतीला," नरहर म्हणाले, आणि विनताकडे पाठ करून आवाज जरा खाली आणला. "फक्त जुडी तिला बांधू द्यायची नाही."