सातवर छापा, आठवर उडवा

मी कॉम्प्युटरचा पडदा बोलतोय. सीताबर्डीतल्या मधुसूदन सेठच्या लुगड्यांच्या दुकानातला. दुकानातला तरी आता कसला! मागच्या खोलीत रिकाम्या गाठोड्यांवर उताणा पडलोय.

सत्त्याऐंशी साली मी आलो, तेव्हा सेठजींनी मला हार घातला, नारळ फोडला आणि प्रेमिलाला माझ्यासमोर बसवलं. ती टायपिंग शिकलेली होती. नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी, चूल पेटायची ती हिच्या पगारावर. "दिवाळीनंतर तुले पक्की करतो," असं सेठजी म्हणाले होते. तेवढ्या एका शब्दावर ती रोज सकाळी हसत यायची, माझी धूळ पुसायची. उमरेडच्या लुगड्याचा उरलेला काठ लावून तिने मला एक झाकणही शिवलं होतं.

मला दुसऱ्याच्या भानगडीत डोकावायची खोड आहे. काय करणार, समोर बसेल त्याचं तोंड बघण्यातच जन्म गेला.

सेठजींच्या मनात आलं की माझ्या अंगावर एक ओळ वाढायची. विणकरांचे पत्ते, गिऱ्हाइकांची उधारी, मुहूर्ताच्या तारखा, वर गणपतीचं नाव, खाली दुकानाचं. बोट ठेवायला जागा उरली नाही. अक्षरं इंग्रजी, पण प्रेमिला आपल्या बोलीत म्हणायची, सातवर छापा, आठवर उडवा. घाईत बोट सातच्या बटणावरून आठवर सरकलं की छापायचं बिल उडून जायचं, आणि बिचारी डबा बाजूला सारून ते पुन्हा टाइप करत बसायची.

"काय वं, टीव्ही पाहून राहिली का?" सेठजी टोमणा मारायचे.

"टीव्हीत तं गाणे येते जी सेठजी. यात तुमची उधारीच येते!"

मग मशीनच्या कंपनीचे एक साहेब पुण्याहून आले. पडदा सोपा करायचा, म्हणून आधी तो तपासायचा. प्रेमिलाच्या शेजारी खुर्ची ओढून ते म्हणाले, "बाई, परीक्षा मशीनची आहे, तुमची नाही. कुठे अडता, कुठे चुकता, मोकळेपणी सांगा."

इतक्या गोडीने तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. ती भडाभडा बोलत सुटली. "हे पाहा जी, इथं मी नेहमीच फसते. मागं तं उमरेडचं अख्खं बिलच उडालं. हा आठ नंबर दूर न्या, अन् उडवायच्या आधी एकदा विचारू द्या याले."

मागे सेठजी चहाची बशी घेऊन उभे होते. तिला ते दिसले नाहीत. मला दिसत होते. ते हसत होते.

काही दिवसांनी साहेब पुन्हा आले आणि माझं तोंड धुतल्यासारखं झालं. मोजक्याच ओळी. 'उडवा' दूर कोपऱ्यात, आणि तो दाबला की मी विचारायचो, नक्की उडवायचं? प्रेमिलाने टाळी वाजवली.

"सेठजी, हे तं माही सासूही चालवून टाकीन!"

"मंग तुही गरज काहून आहे वं?" सेठजी शांतपणे म्हणाले. "उद्यापासून माही भाची शामला बसते. बिलं उडवणारी बाई पक्की करू का मी?"

"सेठजी, मशीनची परीक्षा होती नं जी..." ती साहेबांकडे वळली.

साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं. "माझं काम पडद्यापुरतं," ते म्हणाले.

ती जाण्याआधी सेठजींनी तिच्याकडूनच शामलाला सगळं शिकवून घेतलं. आणि तिने शिकवलंही, मन लावून.

पुढे शामला कुरकुर करू लागली. "मामाजी, याच्यात मागं काहीतरी जुनं दिसते."

खरं होतं ते. फार दिवस एकाच जागी उभी राहिलेली अक्षरं माझ्या काचेत जळून बसली होती. सेठजींनी दुसरा पडदा आणला. माझ्या झाकणाने आता काउंटर पुसतात.

कधी मागच्या खोलीत आलात तर मला चालू करू नका. तिरपं बघा. तो सगळा पसारा अजून दिसेल. सातवर छापा, आठवर उडवा. साहेबांचा तो नवा प्रश्न तेवढा दिसणार नाही, काचेत उतरायला त्याला वेळच मिळाला नाही.

पुढच्या खोलीतला नवा पडदा अजून तो विचारतो, प्रत्येक बिल उडवण्याआधी. प्रेमिला दारात चपला शोधत होती, तेव्हा कोणीच विचारलं नाही.